काढा आणि केमो
शिरपूरहून रात्रभर मुंबई-आग्रा महामार्गाने परळच्या टाटा रुग्णालयात केमोला निघालेल्या आप्पांच्या पिशवीत फाइल असते, दशम्या असतात आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेली गुळवेलीच्या काढ्याची बाटली. कुणा मावशीने धाडलेली; 'घेऊन तर पाहा, नुकसान काय?' नुकसान होऊ शकतं. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं (आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, हेही सांगायला हवं), आणि केमोच्या कित्येक औषधांचा भार यकृतावरच असतो. नोव्हेंबर 2024 मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धूंनी पत्नीच्या कर्करोगमुक्तीचं श्रेय हळद-कडुनिंबाला दिलं. तिची शस्त्रक्रिया आणि केमो झाली होती, ते मागे पडलं. टाटाच्या 262 आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांना पत्रक काढून सांगावं लागलं, की सिद्ध न झालेल्या उपायांपायी उपचार लांबवू नका. तरी काढा पाजणाऱ्या मुलांना मी दोष देणार नाही. बापाच्या तोंडात फोड, घास उतरत नाही. आपल्या हातून काहीतरी व्हावं असं वाटणारच. फक्त जे पाजता ते डॉक्टरांना नावानिशी सांगा, ते रागावले तरी सांगा. रिपोर्टमध्ये यकृताचे आकडे चढले, तर डोस कमी करायचा की केमोची पुढची सायकल लांबवायची, हे ठरवताना त्यांना ते माहीत असावं लागतं.