तपासणी स्लॅब भरण्याआधी हवी

पुण्याजवळ भोसरीत ऑक्टोबर २०२४ मध्ये एका लेबर कॅम्पमधली पाण्याची तात्पुरती टाकी सकाळच्या वेळी कोसळली. टाकीखालच्या नळांवर आंघोळ करणारे मजूर तिच्याखाली सापडले आणि ५ जण दगावले. त्याआधी जून २०१९ मध्ये पुण्याच्या कोंढव्यात एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत मध्यरात्रीनंतर पावसात ढासळली. भिंतीच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत मजुरांची कुटुंबे झोपली होती. १५ जणांचा जीव गेला, त्यांत लहान मुलेही होती. दोन्ही वेळी कोणी परांचीवर चढलेले नव्हते. हेल्मेट, सेफ्टी बेल्ट, जाळी यांपैकी एकही वस्तू त्यांच्या उपयोगाची नव्हती.

बांधकामावरच्या सुरक्षेचा विचार आपण बहुधा हेल्मेटपासून सुरू करतो आणि तिथेच थांबतो. मजूर ज्या जागेवर आणला जातो तिथेच राहतो, जेवतो, झोपतो. त्यामुळे साईटची पाहणी कॅम्पपासून सुरू व्हायला हवी. दहा हजार लिटरची टाकी भरली की तिच्यात दहा टन पाणी असते. ती कोणाच्या नकाशावर बांधली, तिच्या भिंतीत सळई किती, आराखड्यावर अभियंत्याची सही आहे का, हे प्रश्न इमारतीच्या बाबतीत विचारले जातात. मजुरांच्या टाकीबाबत कोणी विचारत नाही. खोल्या कुठल्या भिंतीला टेकून आहेत, वरच्या बाजूला खोदाई चालू आहे का, पावसाचे पाणी कुठून जाणार, हे पाहायला एक अनुभवी माणूस आणि अर्धा दिवस पुरतो.

प्रत्यक्ष कामावर सर्वांत जोखमीचा दिवस स्लॅब भरण्याचा. पुण्यात बालेवाडीला जुलै २०१६ मध्ये उंच इमारतीच्या स्लॅबचे काम चालू असताना तो कोसळला आणि ९ मजूर गेले. हे काम कसे चालते ते जरा जवळून पाहू. सहा इंच जाडीच्या स्लॅबचे ओले काँक्रीट दर चौरस मीटरला पावणेचारशे किलोच्या आसपास भरते. म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या एका खोलीवर साडेतीन टन. त्यात वरची माणसे, व्हायब्रेटर, पंपाच्या पाइपाचे हिसके. काँक्रीट घट्ट होऊन स्वतःचे वजन पेलू लागेपर्यंत हा सगळा भार सेंट्रिंगच्या प्लेटा आणि त्यांखालचे टेकू घेतात. टेकू ओळंब्यात नसला, त्याच्या बुडाशी बेसप्लेटऐवजी विटेचा तुकडा असला, आडवे-तिरपे बांध घातलेले नसले, तर एक टेकू सरकतो, त्याचा भार शेजारच्यावर जातो आणि सगळे सेंट्रिंग पाठोपाठ खाली येते. घाई टेकू काढण्याचीही असते. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटचा आणि साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचा स्लॅब असेल तर टेकू किमान ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस. वरच्या मजल्यासाठी तेच टेकू हवे असतात, त्यामुळे हे दिवस कमी करण्याचा मोह साईटवर कायमचा असतो.

सेंट्रिंगचे काम चौरस फुटाच्या दराने पोटठेकेदाराला दिलेले असते. जितके लवकर आटोपेल तितके त्याला परवडते. भराईच्या दिवशी रेडीमिक्सच्या गाड्या रस्त्यात असतात आणि ते काँक्रीट फार वेळ थांबवून ठेवता येत नाही. अशा वेळी एखाद्या गवंड्याला किंवा बिगाऱ्याला खालचा टेकू वाकलेला दिसला, तरी तो कोणाला सांगणार? मुकादमाला सांगितले तर काम थांबते, गाडी वाया जाते, त्या दिवसाची हजेरी जाते आणि उद्या बोलावतील याची खात्री उरत नाही. म्हणून सेंट्रिंगची तपासणी काँक्रीटची गाडी प्लांटवरून निघण्याआधी झाली पाहिजे आणि तपासणाऱ्याने सही केल्याशिवाय गाडी मागवताच येऊ नये. एकदा गाडी आली की साईटवर 'थांबा' म्हणण्याची ताकद कोणातच राहत नाही.

सुरक्षेचे मूल्यमापन करायला आलेल्या माणसाने म्हणूनच पहिला प्रश्न विचारावा तो हा: या साईटवर काम कोण थांबवू शकतो, आणि थांबलेल्या वेळेचे पैसे कोणाच्या खिशातून जातात? गेल्या तीन महिन्यांत धोक्यामुळे काम कितीदा थांबले, ते नोंदवहीत पाहावे. एकदाही थांबले नसेल तर साईट निर्धोक आहे असे समजू नये. एकतर कोणी पाहत नाही किंवा कोणी बोलत नाही. वरून पाना पडला पण कोणाला लागला नाही, लिफ्ट मजल्याच्या मध्येच हिसका देऊन थांबली, खड्ड्याच्या काठाची माती घसरली, अशा घटनांची वही साईटवर असलीच पाहिजे. 'आमच्याकडे इतके दिवस एकही अपघात नाही' हा फलक मात्र मला धोक्याचा वाटतो, कारण तो आकडा टिकवण्यासाठी किरकोळ दुखापती लपवल्या जातात.

यंत्रांची सुरक्षाही अशीच कागदावर राहते. शहापूरजवळ ऑगस्ट २०२३ मध्ये समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर उचलणारे यंत्र कोसळून २० जण गेले. पुढच्याच महिन्यात ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीची बांधकामाची लिफ्ट कोसळून ७ जण गेले. उचल यंत्रांची ठरावीक मुदतीने सक्षम व्यक्तीकडून चाचणी करून घेण्याची अट आपल्या नियमांत पूर्वीपासून आहे. प्रमाणपत्र फाइलमध्ये असते. ते लिफ्टच्या दारावर, मजुरांना कळेल अशा हिंदीत, पुढच्या चाचणीच्या तारखेसह लावले तर चढणारा माणूस स्वतः वाचेल.

कायद्यांची आपल्याकडे वाण नाही. १९९६ चा बांधकाम कामगार कायदा होता. आता त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा पूर्वी ५०० कामगारांची होती, ती बांधकामासाठी २५० झाली. ही सुधारणा आहे, पण शहरांच्या कडेला वीस-तीस माणसांवर उभ्या राहणाऱ्या चार-पाच मजली इमारतींना ती लागू होत नाही. स्वतःच्या राहण्यासाठी ५० लाख रुपयांपर्यंत खर्चाचे घर बांधणारा तर संहितेच्या कक्षेतच येत नाही. तालुक्याच्या गावी बंगल्याच्या पायासाठी खोदलेला चर दीड मीटरच्या खाली गेला की त्याला आधार द्यावा, काढलेली माती काठाला रचू नये, हे तिथे सांगणारा कोणी नसतो. एक घनमीटर माती दीड टनाच्या पुढे भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूससुद्धा गुदमरून मरतो.

संहितेने कामगाराला धोका जाणवल्यास मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवण्याचा हक्क दिला आहे. पण ज्याचे पोट रोजच्या हजेरीवर चालते त्याला हा हक्क एका दिवसाच्या मजुरीला पडतो. धोक्यामुळे काम थांबले तर त्या दिवसाची पूर्ण हजेरी द्यावी, असे एक वाक्य ठेक्याच्या करारात आले तरच तो हक्क वापरला जाईल. सरकारी कामांत याची सुरुवात करणे सर्वांत सोपे आहे. निविदेत सुरक्षेचा खर्च वेगळ्या बाबीखाली, ठरलेल्या रकमेने दाखवावा आणि त्यावर कमी दराची स्पर्धाच होऊ देऊ नये. आज जो ठेकेदार परांची, जाळ्या आणि सुरक्षा अधिकाऱ्याचा पगार प्रामाणिकपणे धरतो त्याची निविदा महाग ठरते, आणि काम दुसऱ्याला मिळते. ब्रिटनमध्ये १९९५ पासून काम करवून घेणारा मालक आणि आराखडा करणारा यांच्यावरही सुरक्षेची कायदेशीर जबाबदारी आहे. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकची बांधकामे एकाही मजुराचा जीव न जाता उभी राहिली, त्यामागे मालकाने पहिल्या दिवसापासून घेतलेली ही जबाबदारी होती.

महापालिकांच्या हातात मोठा लगाम आहे. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर परवानगीच्या वेळीच घेतला जातो आणि तो कामगार कल्याण मंडळाकडे जातो. नोंदित कामगार कामावर दगावला तर मंडळ वारसाला ५ लाख रुपये देते. नोंदणीसाठी ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो मिळवताना दर काही महिन्यांनी साईट बदलणाऱ्या मजुराची दमछाक होते. पैसे ज्या टेबलावर घेतले जातात तिथेच कॅम्पचा नकाशा, सेंट्रिंगची जबाबदारी घेणाऱ्या अभियंत्याचे नाव आणि मजुरांची नोंदणी मागता येईल. जोते तपासणीला येणाऱ्या पालिकेच्या अभियंत्याने कॅम्पही पाहावा, एवढी सूचना काढायला नवा कायदा लागत नाही.

देशात बांधकामावरच्या मृत्यूंची एका ठिकाणी, विश्वासाने पाहता येईल अशी मोजणी होत नाही. कारखान्यांची होते. महारेराकडे मात्र प्रत्येक प्रकल्पाची माहिती दर तिमाहीला जाते: किती मजले झाले, किती सदनिका विकल्या. त्याच अर्जात या तिमाहीत किती अपघात झाले, किती जण जखमी झाले वा दगावले, हे दोन रकाने वाढवावेत. महारेराने हे करावे. आणि घर घेणाऱ्यांनी नमुना सदनिका पाहायला गेल्यावर पाच मिनिटे काढून लेबर कॅम्प बघून यावा आणि विक्री कार्यालयात त्याबद्दल विचारावे.