आधी हद्द, मग हुद्दा

मोठी आग लागली, माणसे गेली, की ‘देशभर एकच अग्निशमन सेवा हवी’ ही मागणी पुन्हा वर येते. आपल्या अग्निशमन अधिकाऱ्यांच्या बैठकांतही येते. पोलिसांना अखिल भारतीय केडर आहे, मग आपल्यालाच का नाही? यामागचे दुखणे खरे आहे. नगरपरिषदेत अग्निशमन अधिकाऱ्याला होजसाठीही मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलाशी उभे राहावे लागते. पण ज्या देशाने हे करून दाखवले, तो तिथवर कसा पोहोचला हे पाहिल्याशिवाय ही मागणी पुढे रेटण्यात अर्थ नाही.

न्यूझीलंडचे उदाहरण घेऊ. १८ नोव्हेंबर १९४७ रोजी क्राइस्टचर्चमधील बॅलन्टाइन्स या मोठ्या दुकानात तळघरातून धूर येऊ लागला. वर्दी उशिरा दिली गेली, वरच्या मजल्यांवरचे कर्मचारी वेळेत खाली आणले गेले नाहीत आणि ४१ जण मेले. चौकशी आयोगाने दुकानाच्या व्यवस्थापनाला दोष दिलाच, पण स्थानिक दलाच्या तयारीवरही बोट ठेवले. त्यानंतर १९४९ च्या कायद्याने स्थानिक दलांच्या वर एक राष्ट्रीय परिषद आली. दले मात्र स्थानिकच राहिली. ती एका छत्राखाली यायला १ एप्रिल १९७६ उजाडला, आणि तेव्हाही ग्रामीण भाग बाहेरच राहिला. रान, कुरण, जंगल यांच्या आगी वेगळ्या ग्रामीण यंत्रणांकडे होत्या.

शहरी आणि ग्रामीण यंत्रणांमधली ही शिवण फेब्रुवारी २०१७ मध्ये उसवली. क्राइस्टचर्चलगतच्या पोर्ट हिल्सवर दोन ठिकाणी लागलेल्या आगी पसरत एक झाल्या. सोळाशे हेक्टरहून अधिक डोंगर जळाला, नऊ घरे गेली, एका हेलिकॉप्टर वैमानिकाचा मृत्यू झाला. आग शहर आणि शेजारच्या सेल्विन जिल्ह्याच्या सीमेवर होती, त्यामुळे समन्वयाचा प्रश्न नंतरच्या आढाव्यात ठळकपणे आला. विलीनीकरणाची तयारी त्याआधीच चालू होती. १ जुलै २०१७ रोजी शहरी सेवा, राष्ट्रीय ग्रामीण प्राधिकरण आणि ३८ ग्रामीण यंत्रणा मिळून आजची एकच संस्था झाली.

तिची रचना आपल्या डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे. वर मंत्र्यांनी नेमलेले मंडळ, खाली प्रदेश, त्याखाली जिल्हे आणि मग केंद्रे. १११ वरची आगीची वर्दी ऑकलंड, वेलिंग्टन किंवा क्राइस्टचर्चच्या नियंत्रण कक्षात जाते. पगारी फायरमन दोन हजारांच्या आत, स्वयंसेवक अकरा हजारांहून अधिक. गावोगावच्या केंद्रांत बंब घेऊन निघणारी माणसे एरवी शेतकरी, शिक्षक, दुकानदार असतात. पैसा विम्यातून येतो. मालमत्ता किंवा वाहनाचा विमा उतरवणारा प्रत्येक जण हप्त्याबरोबर अग्निसेवेचा अधिभार भरतो, आणि संस्थेच्या उत्पन्नातला नव्वद टक्क्यांहून मोठा वाटा त्यातून येतो. यात एक अन्याय आहेच. विमा न उतरवणाऱ्याच्या घरीही बंब जातो, पण त्याची किंमत शेजारी भरतो. तरीही नगराध्यक्ष बदलला म्हणून बंबाचे टायर अडकत नाहीत, हे मोठे सुख.

एकत्र आल्याने सगळे सुटले असे मात्र नाही. २०२२ मध्ये तिथले पगारी फायरमन वेतन, मनुष्यबळ आणि जुनाट गाड्यांच्या प्रश्नावर संपावर गेले. मालक एकच असला की भांडायला एकच दार उरते, इतकाच फरक.

आता आपल्याकडे पाहा. न्यूझीलंडची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुणे जिल्ह्याहून कितीतरी कमी. त्यांची ‘राष्ट्रीय’ सेवा आपल्या मापाने फार तर एका मोठ्या जिल्ह्याची सेवा ठरते. आपल्या घटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हे नगरपालिकांचे काम आहे. केंद्राचे महासंचालनालय सल्ला देते, नागपूरचे राष्ट्रीय महाविद्यालय अधिकारी घडवते, पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीतून राज्यांसाठी ५,००० कोटींची आधुनिकीकरण योजना आली. दिल्लीकडून याहून अधिक काय मागायचे, हे आम्हाला तरी उमगत नाही. मागायचे ते मुंबईकडे, आणि राज्यापुरते. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने संचालक दिला, इमारतींकडून शुल्क घेण्याची सोय दिली. पण महापालिका, नगरपरिषदा आणि एमआयडीसी यांची दले आजही आपापल्या आस्थापनेत, आपापल्या सेवाज्येष्ठतेत अडकलेली आहेत. बदली नाही, त्यामुळे अनुभवही हद्दीबाहेर जात नाही.

राज्यस्तरीय केडरला वेळ लागेल, हरकती येतील, न्यायालयात प्रकरणे जातील. हद्दीचा प्रश्न मात्र त्यासाठी थांबवण्याची गरज नाही. औद्योगिक पट्ट्यांत ‘मार्ग’ या परस्पर मदत गटांमुळे कारखाने एकमेकांना मदत करतातच. तसाच लेखी करार शेजारच्या दोन नगरपरिषदा आणि लगतची एमआयडीसी यांच्यात का नसावा? मदत हल्लीही मिळते, पण ती बहुतेकदा दोन अधिकाऱ्यांच्या ओळखीवर आणि एका फोनवर. करारात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: वर्दी मिळताच हद्द न पाहता जवळचा बंब निघेल, घटनास्थळी सूत्रे कोणाकडे राहतील, दोन्ही दलांची होज कपलिंग एकमेकांत बसतात की नाही हे दर सहामाही प्रत्यक्ष जोडून पाहिले जाईल, आणि वापरलेल्या फोमचे व डिझेलचे बिल कोण भरेल. शेवटच्या मुद्द्यावर बैठक मोडते, असा अनेकांचा अनुभव आहे. म्हणून चर्चेला बसताना तोच पहिला घ्यावा, आणि लेखाधिकाऱ्याला त्या दिवशीच बोलवावे.