निष्ठेचे भागभांडवल

मंठ्याच्या बाजारपेठेत एखाद्या दुकानाच्या फळ्या कायमच्या लागल्या, तर गिऱ्हाईक दोन दिवस हळहळते आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानाची पायरी चढते. अर्थशास्त्राच्या भाषेत याला पर्यायी वस्तूची उपलब्धता म्हणतात. साबण बदलता येतो, चहाची पत्ती बदलता येते, बँकसुद्धा बदलता येते. बदलता येत नाही अशी एक वस्तू मात्र बाजारात आहे, आणि ती म्हणजे माणसाने एकदा आपला म्हटलेला खेळाचा संघ. हा संघच एके दिवशी नाहीसा झाला तर त्याच्या चाहत्याने कोणाची पायरी चढावी?

हा प्रश्न काल्पनिक नाही. २०१२ च्या सुमारास मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावाहून पुण्यास शिकावयास गेलेला आणि तेथे फुटबॉलच्या नादी लागलेला विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा. त्याच हंगामात पुणे एफ.सी. हा संघ राष्ट्रीय आय-लीग स्पर्धेत उपविजेता ठरला होता. बालेवाडीच्या मैदानावर जाऊन घसा बसेपर्यंत ओरडण्यास याहून चांगला काळ कोणता? परंतु २०१४-१५ च्या हंगामानंतर तो संघ मालकांनी आवरता घेतला. त्याच हंगामात भारत एफ.सी. नावाचा दुसरा संघ शहरात अवतरला आणि एकच हंगाम खेळून लुप्त झाला. डी.एस.के. शिवाजीयन्स दोन हंगाम आय-लीग खेळला आणि २०१७ साली त्याचेही नाव पुसले गेले. उरला एफ.सी. पुणे सिटी. २०१८ च्या मार्चमध्ये इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत बंगळुरूकडून तो हरला, तेव्हा पुढल्या वर्षी पाहू, असेच चाहत्यांनी मनाशी म्हटले असणार. २०१९ साली तोही संपला, आणि स्पर्धेतली त्याची जागा हैदराबादच्या संघास मिळाली. पुढे २०२१-२२ चे विजेतेपद हैदराबादने पटकावले. पुण्याच्या चाहत्याने त्या दिवशी हसावे की रडावे?

पाच वर्षांच्या आत एका शहरातले चार संघ गेले. यांतला एकही संघ मैदानावरील पराभवाने मेला नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पराभवाचे दुःख चाहत्याला नवे नसते. किंबहुना पराभव पचविणे हाच त्याच्या निष्ठेचा नित्याचा व्यायाम असतो. आज हरलो तर पुढच्या रविवारी जिंकू, या आशेवर तो जगतो. परंतु संघच उरला नाही, तर तो पुढचा रविवार आणावा कोठून?

मुंबईची कथा याहून जुनी आहे. रोव्हर्स चषकासारखी १८९१ साली सुरू झालेली स्पर्धा ज्या शहराने पोसली, त्याच शहरात १९६२ साली महिंद्र कंपनीचा संघ उभा राहिला. पुढे महिंद्र युनायटेड या नावाने त्याने दोनदा फेडरेशन चषक जिंकला आणि २००५-०६ साली राष्ट्रीय लीगचे विजेतेपदही मिळविले. २००९-१० च्या हंगामाअखेर कंपनीने तो बंद केला आणि यापुढे शालेय मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष देण्याचे ठरविले. यात कंपनीने बेकायदा असे काहीही केले नाही. जवळजवळ अर्धशतक स्वतःच्या पैशाने संघ चालविणाऱ्यास तो थांबविण्याचाही हक्क असतो. गोव्यात तर संघ तगडे होते आणि मालकही हौशी होते. तरीही राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धांच्या फेररचनेस कंटाळून २०१६ साली साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब यांनी आय-लीगमधून माघार घेतली. राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळविणारा धेंपो संघही त्याच वाटेने गेला. तो आय-लीगमध्ये परतला तो थेट २०२४-२५ च्या हंगामात. मधल्या काळात मडगाव-पणजीच्या चाहत्यांना कोणी काही विचारल्याचे ऐकिवात नाही.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक लहानसा पण मर्मग्राही ग्रंथ लिहिला. एखादी संस्था घसरणीस लागली की तिच्याशी संबंधित माणसापुढे दोन मार्ग असतात, असे त्याचे प्रतिपादन होते. एक तर त्याने निघून जावे, नाहीतर आवाज उठवावा. निष्ठा असेल तर मनुष्य चटकन निघून जात नाही आणि त्याच्या आवाजाला धार येते. आपल्याकडील फुटबॉलच्या चाहत्याला हे सूत्र लावून पाहावे. निघून जाणे त्याच्या स्वभावात नाही, आणि आवाज उठविण्याची जागा त्याला कोणी ठेवलेली नाही. त्याच्यापाशी उरते ती केवळ निष्ठा, आणि ताळेबंदात या निष्ठेसाठी रकाना नसतो. मालकाच्या भांडवलाची नोंद होते. चाहत्याने दहा-दहा वर्षे गुंतविलेला वेळ, पदरचा पैसा आणि जीव यांची नोंद कोठेच होत नाही.

परदेशात सारे आलबेल आहे, असा याचा अर्थ नव्हे. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. १९६७ च्या मे महिन्यात या शहराच्या सेल्टिक संघाने लिस्बन येथे युरोपियन चषक जिंकला. संघातले सारे खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या परिसरात जन्मलेले होते. आणि त्याच वर्षी त्याच शहरातला थर्ड लॅनर्क हा संघ कायमचा बंद पडला. १९०३-०४ चा हा राष्ट्रीय विजेता कारभाऱ्यांच्या करणीने बुडाला आणि त्या कारभाराची सरकारी चौकशीही झाली. त्याच्या मैदानाचे आता सार्वजनिक उद्यान झाले आहे, आणि प्रेक्षकांच्या जुन्या पायऱ्या झाडांच्या सावलीत अद्याप उभ्या आहेत.

पुढे २०१२ साली रेंजर्स या बलाढ्य संघाची मूळ कंपनी कर्जात आणि करांच्या थकबाकीत बुडाली. संघाला चौथ्या श्रेणीतून पुन्हा प्रारंभ करावा लागला. परंतु त्या श्रेणीतील घरच्या पहिल्याच लीग सामन्यास ४९ हजारांवर प्रेक्षक हजर होते! २०१६ साली संघ वरच्या श्रेणीत परतला आणि २०२०-२१ साली एकही सामना न गमावता लीगचा विजेता झाला. एडिंबरोच्या हार्ट्स संघाचे चाहते याहूनही एक पाऊल पुढे गेले. २०१३ साली संघ दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला, तेव्हा हजारो चाहत्यांनी दरमहा ठराविक रक्कम भरण्यास प्रारंभ केला, आणि २०२१ साली संघाचे बहुसंख्य भाग चाहत्यांच्या संस्थेकडे आले. रेंजर्सच्या चाहत्यांची निष्ठा मोठी खरी, पण हार्ट्सच्या चाहत्यांनी निष्ठेचे भागभांडवल केले. या दोहोंतला फरक महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारे काही असेल तर ते कोल्हापुरात आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही नावे कोणा उद्योगसमूहाची नव्हेत. ती पेठांची आणि तालमींची आहेत. शाहू स्टेडियमवर तालमींचा सामना असला की पेठेतली माणसे कामे उरकून मैदान गाठतात. येथे चाहता आणि संघ यांच्यामध्ये मालक नावाचा तिसरा मनुष्य नाही. म्हणूनच पुण्याचे चार संघ आले आणि गेले, पण तालमींचे संघ उभे राहिले. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

अर्थात कोल्हापूरचे गोडवे गाताना तिथल्या उणिवांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. समर्थकांच्या हाणामारीमुळे तेथे सामने थांबविण्याची पाळी आलेली आहे. आवाज उठविण्याचा अधिकार म्हणजे दगड उचलण्याचा अधिकार नव्हे. शिवाय वर्गणी आणि देणगीदार यांच्यावर चालणारी तालीम खेळाडूला वर्षभराचा चरितार्थ देऊ शकत नाही. गुणी मुलाला अखेर बाहेरचा रस्ता धरावा लागतो. राष्ट्रीय पातळीवर संघ चालवायचा तर कोट्यवधींचा खर्च आहे आणि तिकीटविक्रीतून तो भागत नाही. मग हा पैसा देणार कोण, हा आक्षेप रास्त आहे आणि त्यास भावनेने उत्तर देता येणार नाही.

उत्तर व्यवहारातूनच शोधले पाहिजे. पैसा उद्योगपतींनीच घालावा आणि संघाचा दैनंदिन कारभारही त्यांनीच पाहावा. परंतु संघाचे नाव, चिन्ह आणि त्याची युवा प्रबोधिनी या तीन गोष्टी चाहत्यांच्या नोंदणीकृत संस्थेकडे विश्वस्त म्हणून असाव्यात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा या राज्यात १९५० पासून आणि सहकारी संस्थांचा १९६० पासून आहे. यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. मालकास बाहेर पडावयाचे असेल तर त्याने एक हंगाम आधी सूचना द्यावी, आणि प्रवेशाच्या वेळी भरलेली अनामत तोवर महासंघाकडे राहावी. बालेवाडीसारखी मैदाने जनतेच्या पैशातून उभी राहिली आहेत. ती वापरावयास देताना शासनाने एवढी अट घातली, तर ती कोणास जाचक वाटू नये. जर्मनीत बहुसंख्य मताधिकार सभासदांच्या हाती ठेवण्याचा नियम आहे. त्यामुळे तेथील फुटबॉल बुडाल्याचे दिसत नाही.

ज्या महाराष्ट्रात शेतकऱ्याने भागभांडवल गोळा करून साखर कारखाने उभारले, त्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये. सहकाराचे पुढे काय झाले, हे मराठवाड्यातल्या वाचकास सांगण्याची गरज नाही. बंद कारखान्याचे धुराडे त्याने पाहिलेले आहे. तेथे सभासद होता, पण जागा नव्हता. फुटबॉलमध्ये चाहता जागा आहे, पण सभासद नाही. हा जागा मनुष्य ज्या दिवशी सभासद होईल, त्या दिवसापासून पुण्यातून कोणासही संघ उचलून दुसऱ्या गावी नेता येणार नाही. आणि मंठ्यास परतलेला तो जुना विद्यार्थी आपल्या मुलाला संघाची केवळ आठवण सांगणार नाही, तर पुढच्या रविवारी कोणाशी सामना आहे हेही सांगू शकेल.