ड्रोन पडला, आता फवारणीचे काय?

चांदवडकडच्या कांद्यावर करपा पसरायला ढगाळ, दमट हवेचे थोडे दिवस पुरतात. नेमका त्याच वेळी फवारणीचा ड्रोन तारेला अडकून पडला, तर? पाते गावात बदलता येते. मोटर किंवा उड्डाण नियंत्रक बिघडला की तो कंपनीकडे न्यावा लागतो.

केंद्राने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत महिला बचत गटाला किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत मिळते. वर्षभराची वॉरंटी, विमा आणि दोन वर्षांचा देखभाल करारही त्यात धरला आहे. सोय चांगली, पण करपा वॉरंटीची मुदत बघून येत नाही.

शिवाय घाईची दुरुस्ती अंगाशी येते. आपटून चेपलेली किंवा फुगलेली लिथियम बॅटरी चार्जिंगला लावली की पेट घेऊ शकते. ती घरात तर ठेवूच नये. नोझल खराब झाले की थेंबांचा आकार बिघडतो. फार बारीक थेंब वाऱ्याबरोबर शेजारच्या रानात, चालवणाऱ्या बाईच्या नाकातोंडात जातात.

म्हणून हंगामात दुरुस्ती लांबणार असेल, तर कंपनीने तोवर पर्यायी ड्रोन द्यायलाच हवा. बदली म्हणून वापरून दुरुस्त केलेला ड्रोन द्यायलाही हरकत नाही. मात्र कोणते भाग नवे, बॅटरी आधी किती वेळा चार्ज झाली आणि पुढची वॉरंटी किती, हे मराठीत लिहून बचत गटाच्या हाती पडले पाहिजे.