कालबाह्य कोण? बंदूक की काडतूस?

जुनी रायफल दिसली की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती वर्षं जुनी असेल हो?" माझ्या मते हा प्रश्नच चुकतो. आधी विचारावं, हिच्यात काडतूस कुठलं जातं?

मार्टिनी-हेन्रीच घ्या. १८७१ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेली, एका वेळी एकच गोळी घेणारी रायफल. उजव्या अंगाला मुकुट, त्याखाली राणी व्हिक्टोरियाचं 'व्ही.आर.', मग कारखान्याचं नाव, साल आणि मार्क. मार्क म्हणजे आपल्या भाषेत व्हर्जन नंबर! वाचायला एकदम सोप्पं. पण खैबर खिंडीकडचे कारागीर हीच रायफल हाताने घडवायचे आणि शिक्केही मारायचे. मग कुठे इंग्रजी 'एन' उलटा पडायचा, तर कुठे 'व्ही.आर.' खाली १९०१ नंतरचं साल. राणी तर १९०१च्या जानेवारीतच वारली! (हेडर तसाच ठेवून कॉपी-पेस्ट करणारे आम्हीच पहिले नव्हे तर :-)) नक्कल ठरली की किंमत कोसळते. मला ती नक्कलच जास्त आवडते, पण बाजार माझं ऐकत नाही. आणि अस्सल असली तरी हौसेने घासूनपुसून शिक्के पुसट केलेत, की किंमतही पुसली गेली म्हणून समजा.

असो. तर काडतूस. हिचं .५७७/४५०, म्हणजे .५७७ चं तोंड आवळून .४५० केलेलं, काळ्या दारूचं. १८८८ मध्ये .३०३ ची ली-मेटफर्ड आली आणि हे मागे पडलं. तरी धास्ती एवढी, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने .४५० बोअरचा माल हिंदुस्थानात आणायलाच बंदी घातली. बंडखोरांच्या मार्टिनींना दाणापाणी मिळू नये म्हणून! शिकारी साहेबांची पंचाईत झाली, मग विलायती बंदूकवाल्यांनी .४७० वगैरे नवी बोअर काढली.

अमेरिकेचा कायदा साल बघतो: १८९८ किंवा त्याआधीची असेल तर अँटिक. ब्रिटन काडतूस बघतं, कालबाह्य बोअरची यादीच आहे. पण २०२१ मध्ये त्या यादीतून सात बोअर काढावी लागली, कारण तसली जुनी पिस्तुलं गुन्ह्यांत सापडू लागली. काडतूस दुकानात मिळत नाही म्हणजे कोणी बनवत नाही, असं थोडंच आहे?

आपला १९५९ चा शस्त्र कायदा मात्र वेगळंच विचारतो. नुसती जुनी असून सुटका नाही. दुरुस्त करूनही जी चालणार नाही, तीच सुटते. म्हणजे आजोबांची रायफल जितकी धडधाकट, तितकी परवान्याची भानगड जास्त. संग्राहकांना हे उफराटं वाटतं. मला हेच बरोबर वाटतं.