विश्लेषण : शस्त्रक्रिया हृदयाची, कसोटी छातीची

हृदयातले छिद्र बुजवले, बाळ घरी आले. घरच्यांच्या दृष्टीने लढाई जिंकलेली असते. पण पुढचे काही आठवडे साधी सर्दीही छातीत उतरू शकते. म्हणूनच शस्त्रक्रियेचे यश डिस्चार्जच्या दिवशी नव्हे, तर त्यानंतरच्या महिन्यात मोजायला हवे.

छातीलाच धोका का?

हृदयात मोठे छिद्र असलेल्या अनेक बाळांच्या फुप्फुसांत आधीपासूनच गरजेपेक्षा जास्त रक्त जात असते. त्यामुळे त्यांना वारंवार न्यूमोनिया होतो. शस्त्रक्रियेत हार्ट-लंग मशीनमुळे फुप्फुसांना सूज येऊ शकते. नंतर छाती दुखते म्हणून मूल खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साचतो, फुप्फुसाचा काही भाग मिटतो आणि जंतूंना आयती जागा मिळते. व्हेंटिलेटरची नळी जितके दिवस राहते, तितका धोका वाढतो.

रुग्णालयात काय करतात?

नळी शक्य तितक्या लवकर काढणे, डोक्याकडची बाजू उंच ठेवणे, तोंडाची आणि हातांची स्वच्छता, पुरेसे वेदनाशामक व फिजिओथेरपी, हे उपाय महत्त्वाचे. मोठ्या मुलांना साबणाचे फुगे उडवायला लावतात. खेळता खेळता श्वास खोल होतो.

घरी काय पाहावे?

मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात ६०, एक वर्षापर्यंत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून अधिक श्वास म्हणजे धोक्याची घंटा. छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर पडणे, दूध न पिणे, गुंगी यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे.

ताप आला म्हणून घरात उरलेले अँटिबायोटिक देऊ नये. हृदयाच्या आतल्या आवरणाला संसर्ग झाला असेल, तर रक्ताच्या कल्चरआधी दिलेल्या औषधाने तो झाकला जातो.

उणीव कुठे आहे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. अंगणवाड्या आणि शाळांमधून हृदयदोष असलेली मुले शोधून उपचारांपर्यंत नेण्याची वाट त्यातून तयार झाली. परतीची वाट मात्र तितकी नीट आखलेली नाही. शहरात शस्त्रक्रिया झालेले मूल दूरच्या पाड्यावर परतते, तेव्हा त्याच्या हृदयावर काय उपचार झाले, हे तिथल्या आरोग्य केंद्राला माहीत असेलच असे नाही.

उपाय फार खर्चिक नाही. न्यूमोनिया ओळखण्याचे काम आशा सेविका आजही करतात. शस्त्रक्रिया झालेल्या मुलाची माहिती डिस्चार्जच्या दिवशीच त्यांना आणि आरोग्य केंद्राला कळवावी, पहिल्या महिन्यातल्या घरभेटी ठरवून द्याव्यात आणि आई-वडिलांच्या हाती मराठीत लिहिलेला धोक्याच्या लक्षणांचा कागद द्यावा. आशांवर आधीच कामाचा बोजा आहे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून या भेटींचा वेगळा मोबदला हवा.

लाखोंचा खर्च करून दुरुस्त केलेले हृदय न मोजलेल्या श्वासांमुळे पुन्हा संकटात सापडू नये.