विश्लेषण : निम्मा साग तोडला, तर उरलेला का वाढतो?

साग लावताना खड्डा किती, अंतर किती, पाणी किती, हे सगळे सांगायला माणसे येतात. लागवड सात-आठ वर्षांची झाली की क्वचितच कुणी फिरकते. माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडसारख्या गावात खरी अडचण तिथूनच सुरू होते. शेंडे एकमेकांना भिडतात, झाडे उंच जातात, पण खोड भरत नाही.

वाढ का थांबते?

२ बाय २ मीटर अंतराने एकरी सुमारे १ हजार झाडे बसतात. साग मुळात हजार मिलिमीटरहून जास्त पावसाचा आणि निचऱ्याच्या जमिनीचा. बीडमध्ये सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्या आत आणि अनेक शिवारांत भारी काळी जमीन. एवढ्या ओलाव्यात हजार झाडे वाटेकरी. उपाय एकच, विरळणी. तिरप्या ओळी एकाआड एक काढल्या की निम्मी झाडे राहतात. पुढच्या खेपेला वाकडी, दुबेळकी, दबलेली झाडे काढायची. वर्ष मोजत बसण्यापेक्षा शेंडे भिडले का, ते पाहावे.

हातात काय येते?

सहा मीटर लांब, ३० सेंटिमीटर घेराच्या खोडात पाव-घेराच्या हिशेबाने ०.०३४ घनमीटर लाकूड भरते. घेर ६० झाला की ०.१३५, म्हणजे चौपट. विरळणीने एकरातले एकूण लाकूड वाढत नाही, हे मात्र स्पष्ट सांगायला हवे. तेच लाकूड मोजक्या जाड खोडांत जाते आणि भाव जाडीला मिळतो.

अमेरिकेच्या दक्षिणेत पाइनच्या बागांना विरळणीनंतर नत्र-स्फुरद देतात. त्याचा परिणाम सहा ते आठ वर्षे टिकतो. तिथे पाऊस भरपूर आहे. इथे आधी तण काढणे, पालापाचोळा न जाळणे आणि पाणी जिरवणे. खताचा विचार त्यानंतर.

परवानगी लागते का?

लागते. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमात साग अनुसूचित आहे, झाड स्वतःच्या शेतातले असले तरी. त्यामुळे सातबाऱ्यावर झाडांची नोंद आधीच करून घ्यावी. हातभर घेराच्या झाडासाठीही अर्ज करायचा म्हटल्यावर शेतकरी विरळणीचा नाद सोडतो, यात नवल नाही. लागवडीला अनुदान देणाऱ्या सरकारने विरळणीची परवानगी गावातच द्यायला हवी.

तोडलेल्या बुंध्याला पावसाळ्यात फुटवे येतात. ते वेळीच मोडले नाहीत, तर दोन वर्षांत पुन्हा तीच दाटी होते.